सेंटर

फिलेमोन भालेराव, सहा फूट आठ इंच,
आता शरणपूर रोडच्या आमच्या घरात
दर चौकटीशी वाकतो.
चौकट नसली तरी वाकतो.

रेल्वेनं त्याला उंचीवर घेतलं.
हुद्दा तिकीट तपासनिसाचा,
काम रिंगखाली उभं राहायचं, रिंगकडे पाठ करून.
बावीस वर्षं.
मला वाटायचं, सेंटर म्हणजे बास्केट टाकणारा.
तो म्हणायचा, नाही गं,
दुसऱ्याच्या चुकलेल्या चेंडूची
वाट बघणारा.

कोपरं खाल्ली. दोन दात कपूरथळ्यात राहिले.
चौदा नंबरचे बूट भद्रकालीतला सुभान शिवून द्यायचा,
अर्धेच पैसे घ्यायचा,
म्हणायचा, पाय तुमचा, नाव माझं.

पेपरात फोटो आला एकदाच.
त्यात डोकं कापलेलं.
कात्रण बायबलमध्ये ठेवलंय मी:
खांद्यापर्यंतचा माणूस
आणि वर कुठंतरी निघून गेलेले दोन हात.

हल्ली गल्लीत कुणाची ट्यूब गेली, पतंग अडकला
की हाक येते.
गुडघे कुरकुरतात, तरी जातो.
शिडी वाचवल्याचा चहा पिऊन येतो.

काल वरच्या फळीवरून
तुरडाळीचा डबा निसटला माझ्या हातून.
तो ओट्याशी, पाठमोरा, चहा गाळत.
वळला नाही.
एक हात फक्त मागं आला,
उघडा,
आणि डबा त्यात.

"तुझा चुकला," म्हणाला,
आणि गाळणी झटकली.