मागच्या बाजूला

फॉर्मवर जाड अक्षरात छापलं होतं:
फ्रेम केलेली चित्रं स्वीकारली जाणार नाहीत.
मी तीनदा वाचलं.
बावीस वर्षं दौलतगंजात फ्रेमा ठोकतोय,
देवांच्या, लग्नांच्या, गेलेल्यांच्या,
कोपरा असा जुळवतो की फटीत नख जात नाही,
आणि शर्वाणीला देण्यासारखं
माझ्याजवळ होतं ते एवढंच.

वर्ग नववी ते बारावी.
विषय, माझं शहर.
माप पंधरा बाय अकरा.
नाव पुढे कुठेही नको, मागे, पेन्सिलीनं.

हे मात्र मला पटलं.
चित्रांच्या पाठी माझ्याइतक्या कुणी पाहिल्यात?
पुढे राम-सीता,
मागे भुरा कागद, सात चुका,
आणि कुणीतरी अर्धवट सोडलेला दुधाचा हिशेब.

सगळे किल्लाच काढणार, ती म्हणाली,
खालून वर बघितलेला, निळ्या फरश्यांसकट.
आणि गेली घासमंडीत, नगमाच्या गच्चीवर.
एप्रिलची दुपार, डोक्यावर माझा ओला पंचा,
सहा दिवस.
सातव्या दिवशी कुशवाह सरांनी पाहिलं
आणि नुसतंच हं केलं.

कागदावर पाण्याच्या काळ्या टाक्या होत्या, बारा-तेरा,
एक पाय मोडलेला कूलर,
नगमाच्या भावाची जीन्स, उलटी वाळत घातलेली,
तारेवर पतंगाची नुसती कामटी.
या सगळ्याच्या वर, जिथे किल्ला असायला हवा
तिथे काहीच नव्हतं.
कोरा कागद. लांबट.
खालची कड तेवढी जराशी कुरतडलेली.

रंग संपला का गं? मी विचारलं. आणून देतो.
नाही बाबा,
दोन वाजता तो असाच दिसतो.

दोन वाजता मी दुकानात असतो.
मला कसं ठाऊक असणार.

हार्डबोर्डचे दोन तुकडे कापले, मधे चित्र,
सुतळी बांधली, गाठ सैल ठेवली.
टेंपोत तिनं ते मांडीवर उभं धरलं,
गरम भांडं धरावं तसं, बोटांच्या टोकांनी.
खिडकीवरच्या बाबूनं मागे शिक्का मारला, एकशे सतरा.
मग उलटून पाहिलं.
इसमें किला कहाँ है?
है, ती म्हणाली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी सुतळी गुंडाळत राहिलो.

यादी लागली जूनमध्ये.
तिनं जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं,
की नाव नाही.
मग मीठच मागितलं.

जुलैत थाटीपूरचे एक गृहस्थ आले.
मुलाला दुसरा नंबर मिळालेला,
सोनेरी पट्टी हवी होती, काच चांगली.
किल्ला. खालून वर. निळ्या फरश्या,
त्यांवर पिवळी बदकं ओळीनं, एकूण एक मोजून काढलेली.
उलटं केलं. एकशे अठरा.
म्हणजे तो पोरगा रांगेत आमच्याच मागे होता.
तिच्या खांद्यावरून त्यानं पाहिलं असेल का,
की नुसताच घाम पुसत उभा होता,
मला आठवेना.

शर्वाणी शाळेतून आली, दप्तर टाकलं,
न सांगता काच पुसायला घेतली.
तोंडाची वाफ सोडून, फडक्यानं, दोन्ही बाजू.
बराच वेळ.
बदकं चांगली आहेत, म्हणाली.
होतीच चांगली.
मी चुका ठोकल्या, भुरा कागद चिकटवला,
आकडा झाकला गेला.
भाव नेहमीचाच लावला.
कोपरे जरा जास्तच जुळले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता
शटर अर्धं ओढून घासमंडीत गेलो.
नगमाची आई दारात बावरली, म्हटलं, पाच मिनिटं, वर.
टाक्या होत्या. कूलर होता. जीन्स वेगळी होती.
आभाळ भरून आलेलं
आणि किल्ला लख्ख दिसत होता,
एकेक बुरूज, एकेक चीर.

एप्रिलपर्यंत थांबावं लागणार.