उजवीकडे मागे

सूरच्या खाडीवर, लाकडाच्या वखारीमागे
आमचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा डबा.
एसी गळतो, त्याखाली रंगाची रिकामी बादली,
आणि टेबलावरच्या संगणकात
नवं काही घालायला बंदी.
पासवर्ड मस्कतला. मस्कत फोन उचलत नाही.

पण बिलं छापायला कुणीतरी कधीकाळी
एक स्क्रिप्टचं हत्यार ठेवून गेलंय त्यात,
साधंच, पटाशीएवढं.
खिळ्यांचा हिशेब मी त्यातच ठेवतो.

उस्ताद खल्फान म्हणाला, अर्धं अरबी अर्धं हिंदी,
तू खिडक्या बनवतोस म्हणे,
मग मला वारा दिसेल अशी एक बनव.
फक्त वारा. अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी.
बातम्या नकोत, घड्याळांच्या जाहिराती नकोत.

पहिल्या रात्री नुसती चौकट:
आठशे रुंद, सहाशे उंच,
आत भर दुपारच्या वाळूसारखं पांढरं.
दुसऱ्या रात्री पत्त्याची पट्टी, शेजारी 'जा'.
दाबलं. गेलं नाही.
ओळ एक्केचाळीस, म्हणाला तो.
एक्केचाळीस दहादा वाचली, ठणठणीत होती.
चूक चाळिसावीत,
उघडलेलं अवतरणचिन्ह मिटायचं राहून गेलेलं.
दार एका खोलीचं उघडं टाकायचं
आणि पसारा पुढच्या खोलीत.

तिसऱ्या रात्री पान उमटलं. वरून खाली, हळूहळू,
भिंतीला ओल चढावी तसं, पण उलटं.
एकटाच होतो, तरी इकडेतिकडे बघितलं.

खरं तर यातलं माझं फार थोडं.
पान वाचणारं, रंगवणारं यंत्र आतच होतं आधीपासून,
मी ते उचलून माझ्या चौकटीत बसवलं.
उस्तादला हे सांगायची लाज वाटली. सांगितलं.
तो तासत राहिला. मग म्हणाला,
माझ्या आजाच्या होडीत एक खिळा नव्हता.
साग तुमच्या किनाऱ्याचा, काथ्याही तिकडचा,
आम्ही नुसती भोकं पाडायचो आणि शिवायचो.
होडी कुणाची म्हणायचे?
आणि कागदावर नकाशाही नाही, असं म्हणून
त्यानं एक डोळा मिटून फळीकडे पाहिलं.

चौथ्या रात्री बाण लावले. डावा मागे, उजवा पुढे.
सकाळी उस्ताद खुर्चीत बसला,
सलालाचा वारा उघडला, आणि मागे जायला
उजवा बाण दाबत राहिला.
मी म्हटलं, तो नाही.
तो म्हणाला, वाचणं उजवीकडून सुरू होतं,
मग आलो तिकडूनच परत जाणार ना?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दोन ओळी अदलाबदल केल्या.
आता तो बरोबर जातो
आणि मी रोज चुकतो.

घराचं चित्र असलेलं बटण मी काढलं होतं, छोटंसं, कौलारू,
आमच्या बुरोंडीच्या बाजूची उतरती कौलं.
त्यानं ते काढायला लावलं.
जागा खातं, म्हणाला, अक्षरं मोठी कर.
केली.

आता पहाटे तो येतो, काठी दाराला टेकवतो,
वारा वाचतो, मोठ्यानं, आकड्यांसकट.
आम्ही याला मतलई म्हणतो, मी सांगितलं एकदा.
शब्द त्यानं तोंडात घोळवला, आणि म्हणाला,
हा आमच्याकडचाच असणार, न विचारता नेलेला.
मग बाहेर उंबऱ्यावर जाऊन
बोट ओलं करून वर धरतो.
दोन्ही जुळले तर काही बोलत नाही.
नाही जुळले तर माझ्याकडे बघतो.

एक दोष अजून तसाच आहे.
कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी मिटते,
पण आत कुठेतरी ती चालूच राहते.
काल यादी काढली: सतरा.
सतरा न दिसणाऱ्या खिडक्या,
प्रत्येकीत एका सकाळचा वारा.
एका ओळीचं काम आहे.
उद्या बघतो.