एकसष्टावी पेटी

साठ पेट्या मधमाश्यांच्या.
तुरीमागून धने, धन्यांमागून जांभूळ, मग करंज,
श्रावण सरता सरता तीळ.
आणि त्यांच्यामागून आम्ही, नऊ वर्षं,
चारशेसातच्या हौद्यात ताडपत्री ओढून.

"या साली पेट्या भाड्याच्या गाडीनं नेऊ,"
देवमन म्हणाला, "हौद्यावर खोली बसवू.
एकसष्टावी पेटी. राणीमाशी तू."
म्हटलं, राणीले सैपाक करा लागत नाही.

पहिली खोली पाहिली नागपूर रोडच्या शोरूमात.
पांढरीशुभ्र. बेसिन, निळे दिवे,
उशीच्या अभ्र्यावर बदाम.
भिंत वाजवली बोटानं. बिस्किटाचा डबा.
सांधे कुठं आहेत, विचारलं.
पोरगा हसला, "मॅडम, सांधे दिसतच नाहीत."
तेच तर.

माशीला फट दिसली की ती वाद घालत नाही,
डिंक आणून बुजवते.
उन्हाळ्यात दारात बसून पंखांनी वारा घालते.
आमच्याजवळ तेवढे पंख नाहीत.

दुसरी हिंगणघाटला, जिनिंगच्या मागं,
नूर मिस्त्रींच्या शेडात.
शाळेच्या फळ्यासारखी, हिरवट काळी.
कोणा सर्वेवाल्यानं सहा पावसाळे गडचिरोलीत वापरलेली.
मिस्त्रींनी काहीच दाखवलं नाही.
स्टूल दिला. "आत बसा. दार लावा. चहा सांगतो."
मे महिना, दुपारचा दीड.
चहाला अर्धा तास लावला, मुद्दाम.
मी बाहेर आले घामाघूम,
पण माझ्या पायांनी आले.

मग त्यांनी एक पट्टी उचकटून दाखवली:
बाहेरचं लोखंड आतल्या प्लायला कुठंच शिवत नाही,
मधे ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.
"ऊन लोखंडावरून चालत येते, ताई.
वाट तोडली की बाहेरच बसते."
आणि थंडीत?
"चिखलदऱ्याले गेल्या तर वरची झडप चार बोटं उघडी ठेवा.
नाही तर तुमचाच श्वास छताले लटकते
अन् पहाटे नाकावर पडते."

देवमननं छतावर अठरा बादल्या ओतल्या.
मी आत, टॉर्च घेऊन, मान मोडेस्तोवर.
सगळे कोपरे कोरडे.
तेव्हा मिस्त्रींनीच उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"इथं गळली होती. दुसऱ्या साली.
लाकूड सडलं. हातभर कापून नवं घातलं."
जोड रंगवला नव्हता.
जुन्या सागात नवा साग, फिक्या चामडीचा,
भरलेल्या जखमेसारखा.
देवमनचं तोंड उतरलं.
माझं तिथंच ठरलं.

मग वजनकाटा, सरकीच्या दोन ट्रकांच्या मधे.
"रिकामी नका मोजू," मिस्त्री म्हणाले.
"टाकी भरा, सिलेंडर ठेवा, भांडी ठेवा.
अन् तुम्ही दोघं काहून खाली उभे?"
आम्ही वर चढलो.
काटेवाल्यानं पावतीवर मालाच्या खान्यात लिहिलं:
संसार.
गाडीला झेपत होतं, दोनशे किलो राखून.

भाव काही उतरला नाही.
मी पाचशे मागितले, त्यांनी एक जादा कडी दिली.
निघताना खिडकीत हात ठेवून म्हणाले,
"एक गोष्ट पाळा. भिंतीत खिळा ठोकू नका.
खिळा ठोकणं म्हणजे पावसाले पत्ता देणं."

म्हणून कॅलेंडर त्या कडीला
सुतळीनं बांधलंय.
गाडी वळली की तेही वळतं.
काल सेमाडोहची वळणं उतरून
चहासाठी थांबलो, मागचं दार उघडलं,
तर ऑक्टोबर उलटून मागं अडकलेला,
समोर नोव्हेंबर,
आणि आम्ही अजून तुरीला पोचलोच नव्हतो.