उपयोगिता प्रमाणपत्र

महोदय,
चाळीस हजारांतले एकोणचाळीस हजार दोनशे सोळा
हिशेबात बसले. पावत्या सोबत जोडल्या आहेत:
व्हर्निअर, हातमोजे, छपाई, रिक्षा.
उरले सातशे चौऱ्याऐंशी, ते चहाचे.
चहाला तुमच्या तक्त्यात रकाना नाही
आणि रामसजीवनकडे पावतीपुस्तक नाही.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे चारला, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात
मी अठ्ठ्याण्णव माथाडींची तोंडं मोजली.
"आ करा" म्हटलं की
माणूस आधी आजूबाजूला बघतो.
मग पुडीचा वास येतो,
मग थोडासा अंधार,
आणि पांढुरका, सुंभासारखा ताठ गाल.
तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, असं पुस्तक सांगतं.
सर्जेराव शेडग्यांच्या तोंडात माझं एकच गेलं,
दुसरं नखाशीच अडलं.
एकोणीस मिलिमीटर.

पाठीवर पन्नास किलोची गोणी घेणारा माणूस
घास आडवा करून ओठांतून सारतो.
म्हणाले, "खाण्याचं सोडा हो,
भाकरी दुधात कुस्करता येते.
पण तीन वर्षं झाली, धड जांभई दिली नाही."
अर्जात मी त्याचं
"मुखाच्या उघडझापीवर लक्षणीय मर्यादा" असं केलं.
तीनशे शब्दांची अट होती.

वाशीच्या सभागृहात तुम्ही मला
पस्तिशीच्या आतली आश्वासक संशोधक म्हणालात.
मी चौतीस वर्षं दहा महिन्यांची होते,
आश्वासनाला दोन महिने शिल्लक.
फोटोवाला ओरडला, "मॅडम, मोठं हसा, दात दिसू द्या!"
पुठ्ठ्याचा धनादेश रिक्षात मावेना.
तिरपा केला, वाकवला,
रिक्षावाला म्हणाला, "एवढा पैसा मिळालाय, टेम्पो करा की."
कोपरखैरण्यात मी टक्केवारीवर बसते, त्या दवाखान्यात
तो आता एक्स-रे मशीनच्या मागची ओल झाकतो.
'हजार'मधला 'जा' फुगलाय.
कुरूप मॅडमनी फोन केला: अभिनंदन,
आता पुढचा अर्ज भर, मुदत सोमवारी संपते.

सगळ्यात स्वस्त खर्च पाहा, पावती सतरा:
आईस्क्रीमच्या काड्या, चारशे नग, दोनशे साठ रुपये.
एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या,
आठवड्याला एक वाढवायची.
शेडगे सांगत, पुडी सुटली,
त्या खिशात आता काड्याच असतात.
मी खिसा हुंगला.
दोन्ही होतं.
रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं,
माझं उघडतं म्हणून काही मी मोठी नाही.

सहा महिन्यांनी बावीस.
तीन मिलिमीटर संख्याशास्त्राला दिसत नाहीत,
तसं अहवालात पान नऊवर लिहिलंय,
माझ्याच हातानं.

पण गेल्या मंगळवारी
नाशिकची शेवटची गाडी रिकामी झाल्यावर
शेडगे गोण्यांना टेकले,
कटिंग अर्धं पिऊन झालेलं,
आणि डोळे मिटून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर
त्यांनी जांभई दिली.
पूर्ण नव्हती. उजव्या गालाशी अडखळली,
थरथरली, आणि तरी आली.
शेजारच्या दोघांना लागण झाली,
मग तोलाईवाल्याला, मग मला.
व्हर्निअर पिशवीत होता.
माप घ्यायचं राहून गेलं.

तेव्हा तिची नोंद कुठे नाही, महोदय.
सातशे चौऱ्याऐंशी रुपये परत हवे असल्यास
कळवावे.