चवीचा रकाना

फॉर्मवर चवीचे चारच शब्द:
नॉर्मल, ब्लँड, बिटर, मेटॅलिक.
प्रत्येकासमोर एक चौकोन. खूण करायची,
खाली सही, वेळ, आणि पुढच्या खाटेकडे.

मिरजेत येऊन मला तीनच महिने झालेले.
पांढऱ्या कोटावर आहारतज्ज्ञ असं शिवलेलं,
आणि कोटाच्या खिशात कॉलेजातली वही,
परीक्षेआधी तासगावच्या बसमध्ये पाठ केलेली:
टँगी, क्रिस्प, मेलो, रिच, ॲस्ट्रिंजंट.
ॲस्ट्रिंजंट म्हणजे तुरट, हे मला
अर्थ बघण्याआधीच कळलं होतं.
नुसता उच्चारला,
तर कच्चं जांभूळ चावल्यागत
जीभ टाळ्याला चिकटून बसली.

सात नंबरला जिन्नाप्पा मगदूम, वय एकसष्ट,
सांगलीत भडंगाची भट्टी,
गळ्याला रेडिएशन, आज एकविसावं.
काका, तोंडाला चव कशी लागते?
ते म्हणाले, "कशाची?"
म्हटलं, अशीच. जेवताना.
त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.
"पावसात सायकलीची चेन उतरली,
ती बसवली, आन् तसंच बोट तोंडात घातलं,
तर लागंल तशी."

मी मेटॅलिकवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी म्हणाले,
"रद्दीत बांधलेला भात असतोय न्हवं,
त्यातला भात टाकून द्यायचा आन् कागद खायचा."
ब्लँड.
तिसऱ्या दिवशी:
"कडू न्हाई वो. कडू असतं तर बरं झालं असतं,
कारल्याला कडूपणा शोभतो.
हे नुसतं कुणीतरी घरात रुसून बसल्यागत."
पेन उघडं धरून मी उभीच राहिले.
मागून सिस्टर म्हणाली, मॅडम, आठ नंबर.

रात्री हॉस्टेलवर वही काढली.
खमंगपुढे मीच लिहिलेलं, ॲरोमॅटिक.
ॲरोमॅटिक तर उदबत्तीही असते.
वातड, चिवट, चामट, तिघांना मिळून एकच च्युई,
एका खोलीत तीन बिऱ्हाडं कोंबल्यासारखी.
खवटला रॅन्सिड मात्र चपखल बसला,
तो शब्दच जुन्या तेलाच्या डब्यात ठेवलेला असावा.
अळणीवर थांबले.
अळणीत मिठाची आठवण असते.
ब्लँडला कुणाचीच आठवण येत नाही.

गुरुवारी त्यांची सून यायची, त्रिशला.
भट्टी आता तिच्याकडे. पिशवीत भडंगाची पुडी.
मी म्हटलं, अहो, त्यांना गिळता येत नाही.
ती म्हणाली, "खायला न्हाई, दाखवायला."
काकांनी पुडी सोडली, नाकाशी धरली,
मग चिमूटभर चुरमुरे कानाजवळ नेऊन
दोन बोटांत चुरडले. डोळे मिटलेले.
"अजून दोन मिनिटं आच पायजे होती.
शेंगदाणा बरा हाय. लसणाला घाई केलीस."
तिनं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

मी विचारलं, लसूण नुसत्या वासावरून कळतो?
"आमच्यात लसूण चालत न्हाई," ते म्हणाले,
"चाळीस वर्षं माल केला,
एक दाणा तोंडात टाकलेला न्हाई.
गिऱ्हाईक म्हणायचं, मगदूम, तुमच्या हाताला चव हाय.
म्हटलं, आसंल. आम्हाला काय ठावं."

त्या दिवशी खूण करायची राहून गेली.

उपचार संपले. पुढे दिवाळीही गेली.
तपासणीला आले तेव्हा कॉलर सैल,
खाली कँटीनमध्ये जेवायला बसवलं होतं,
तिथून जिना चढून थेट माझ्या टेबलाशी,
हातात आमटीची वाटी, चेहरा लाल.
"मॅडम, ह्यात मीठ किती ओतलंय?
आजारी मानसं जेवत्यात हितं, काय समुद्र?"
मी चमचाभर घेतली.
खरंच खारट होती. तोंडात धरवेना.
त्रिशलानं वाटी माझ्या हातातून घेतली,
चाखली, तोंड वाकडं केलं,
पुन्हा चाखली.

"आन् तुम्ही दोघी हसताय काय?"