निवळशंख

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, विटांच्या घरांच्या रांगेत
शेवटून दुसरं दार.
परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वॉल्टर स्किपवर्थ
पिंपासमोर बसलाय, गुडघ्यांवर कांबळं,
आणि शिव्या देतोय.

उकळताना चिमूटभर समुद्रशेवाळ टाकलं होतं,
शेवटच्या पंधरा मिनिटांत, नेहमीसारखं.
हॉप्स चांगले होते. यीस्टने आपलं काम केलं,
साखर खाल्ली, फेस काढला, गप्प झालं;
पण तळाशी जाईना.
मधेच लोंबकळत राहिलं,
लग्न उरकल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यांसारखं.

म्हणून ती पुडी.
पुडीत माशाचा फुगा: वाळवून, कुटून केलेला पांढरा भुगा.
पोटातली हवेची पिशवी,
जिच्या जोरावर मासा पाण्यात अधांतरी राहतो,
ना वर, ना खाली.
आइसलँडच्या बाजूला, बर्फाने कडक झालेल्या जाळ्यांपाशी
वॉल्टरने तीस वर्षं मासे फाडले
आणि असले फुगे आतड्यांसकट
पक्ष्यांना भिरकावले.
आता चिमूटभराला दोन पौंड मोजतो.
हसू येतं त्याला. मग खोकला.

गार पाण्यातच भिजवायचा. ऊन पाणी लागलं की मेला.
पेजेसारखा झाला की अलगद ओतायचा,
एकदाच ढवळायचं, आणि हात मागे घ्यायचा.
तो उतरतो म्हणे झिरझिरीत पडद्यासारखा,
वाटेत भेटेल तो गढूळपणा कवेत घेत.
ज्याने मासा तरंगायचा
त्यानेच बाकी सगळं बुडवायचं.

पारख हिल्डाची होती.
ग्लास संध्याकाळच्या पेपरासमोर धरायची.
मथळ्यासमोर नाही, मथळा काय, चहातूनही दिसतो;
शेवटच्या पानावर भरती-ओहोटीचं कोष्टक,
मुंगीएवढे आकडे.
ते वाचता आले तरच बाटल्या धुवायला घ्यायची.
हिल्डा गेली. कोष्टक रोज छापून येतं.

गुरुवारी धुकं. शनिवारी धुकं.
दुसरी पुडी. मंगळवारी तिसरी.
मॉल्टवाल्याचा उद्धार झाला, हवेचा झाला,
पुडी विकणाऱ्या पोराच्या सात पिढ्यांचा झाला.
आकडे राखाडी ते राखाडीच.

रविवारी मेव्हिस आली, धुतलेले कपडे घेऊन.
बापाच्या हातातून ग्लास काढून घेतला,
बल्बखाली धरला, मागे पेपर,
आणि सहज वाचायला लागली:
"पाच बेचाळीस, सहा पूर्णांक एक मीटर.
अकरा एकोणपन्नास, एक पूर्णांक तीन."
"कशातून वाचतेयस?"
"ग्लासातून."

निवळशंख होती बिअर.
बहुधा पहिल्याच पुडीला झाली होती.
मेव्हिसने ग्लास खाली केला
आणि बल्बच्या त्याच उजेडात बापाकडे पाहिलं.
डोळ्यांच्या बाहुल्यांमागे, दोन्हीकडे,
तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी
मधेच लोंबकळत होतं.

ती काही बोलली नाही.
रिकाम्या पुडीच्या मागे पेन्सिलने
दवाखान्याचा नंबर लिहिला, मोठ्ठ्या आकड्यांत,
आणि पुडी दाराच्या खिळ्याला टोचली,
कपडे आत नेऊन ठेवले, परत आली.

वॉल्टरने घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.
"जास्त निवळली," म्हणाला, "दमच गेलाय हिच्यातला."
मग थोड्या वेळाने,
ग्लास तिच्यापुढे धरून:
"उद्याची भरती वाच."