कोरगूट

पहिली फेरीबोट धरून रायबंदरला उतरते,
आठाला इन्क्युबेटर उघडते.
रात्रभर पस्तीस अंशांवर निजलेल्या ताटल्या,
पेजेच्या निवळीच्या रंगाच्या,
प्रत्येकीवर औषधात भिजवलेल्या सहा पांढऱ्या चकत्या.

चकतीभोवती स्वच्छ कडं पडलं की पट्टी धरते:
अठरा मिलिमीटर, बावीस.
कडं म्हणजे तिथं कुणी उरलं नाही.

आज पिएदादच्या ताटलीवर
पाच चकत्या नुसत्याच बसून आहेत,
लग्नाला बोलावून कुणी न विचारलेल्या पाहुण्यांसारख्या.
अगदी कडेपर्यंत वाढ, दाट, सायीसारखी.
सहावीभोवती तेवढं कडं.
आणि त्या कड्यात, भिंगाखाली,
तीन ठिपके.

वहीत लिहिते: आर, आर, आर, आर, आर.
सहाव्यापुढे पेन थांबतं.

पिएदाद फुर्तादो, आमच्याच चोडणची.
कालवं काढताना शिंपल्यानं टाच कापली.
सात दिवसांच्या गोळ्या होत्या,
चौथ्या दिवशी सूज उतरली,
उरलेल्या तिनं बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या,
"पुढल्या खेपेक जातल्यो."
पुढली खेप आली. त्याच्या पुढलीही.
त्या डब्यातल्या चार
गेल्या वर्षी घसा धरला तेव्हा
मीच मागून नेल्या होत्या.
हे वहीत लिहायला रकाना नाही.

मी नऊ वर्षांची असताना
कुर्ल्यांनी पोखरलेला बांध
पुनवेच्या भरतीला फुटला.
मानशीची फळी वाहून गेली,
अकरा दिवस खाजनात खारं पाणी उभं.
बाबानं त्या साली नवं बी पेरलं होतं, बुटकं, भरघोस, कचेरीतून आणलेलं.
पाणी उतरलं तेव्हा सगळं शेत
भाजल्यासारखं पिवळं.
मधूनच कुठे एखादं ताट उभं,
उंच, कुसळांचं, तांबूस:
पोत्याच्या शिवणीत अडकून राहिलेले
जुन्या कोरगुटाचे चार दाणे.

मी विचारलं, ह्यांना खारं प्यायला कुणी शिकवलं?
बाबा चिखलात वाकलेलाच म्हणाला,
"शिकयलें कोणेंच ना गो. तीं आसलींच.
आमकां दिसूंक नाशिल्लीं."

पुढल्या पेरणीला तेवढंच बी होतं.
चार सालांत शेतभर तेच.

टाचेतही तेच झालं.
कोटींमध्ये एखादा,
नक्कल उतरताना एक अक्षर चुकलेला,
चुकलोय हे त्याला ठाऊकही नसलेला.
औषधानं त्याला घडवलं नाही.
औषधानं बाकीच्यांना नेलं
आणि जागा मोकळी करून दिली.
धक्क्यावर फेरीची वाट बघत मी उभी राहते
तेवढ्यात त्या एकाचे दोन होतात.
आणि कुंपणावरून कढीलिंबाची डहाळी द्यावी
तशी ती चुकलेली ओळ हा शेजाऱ्याला देतो;
घेणारा आपल्याच जातीचा हवा
असली अट त्यांच्यात नाही.

बाबा त्या लोंब्यांना हात जोडत होता.
मी ह्यांना काय करू?

वॉर्डातून फोन येतो. डॉक्टर सरदेसाई,
आवाज रात्रपाळीचा: "काही चालेल का हो?"
एक चालेल, सर. म्हणजे, अजून चालतंय.
"अजून म्हणजे?"
तिकडे कुणाचा तरी मॉनिटर वाजत असतो.
मी म्हणते, पुरे सात दिवस द्या, कमी नको,
आणि हे सांगणं माझं काम नाही
हे दोघांनाही माहीत असतं.

मग तारेचं टोक ज्योतीत लाल करते,
निवू देते,
तिन्ही ठिपके एकेक करून उचलते
आणि नव्या ताटलीवर पेरते.
पेरते.
दुसरा शब्द सापडत नाही.
झाकण लावते, नाव घालते, तारीख घालते,
पस्तीस अंशांच्या अंधारात ठेवते
आणि दार लावल्यावरही
हात काही वेळ कडीवरच राहतो.